१४ फुटी जुनी ॲल्युमिनियम बोट: गॅरेजमधल्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांनी काय टिकलं, काय नाही

बोट १९८० च्या दशकातली, रिव्हेट (पत्रे जोडणारे धातूचे खिळे) मारलेली, व्ही आकाराच्या तळाची, १४ फुटी. काम जानेवारी ते एप्रिल, मिशिगनमधल्या एका साध्या दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये झालं. वापर मे ते ऑक्टोबर, आठवड्यातून एक-दोनदा, फक्त गोड्या पाण्यात, ट्रेलरवरून ने-आण करून. इथे लिहिलंय ते या एका हंगामानंतर बोट पुन्हा उघडून पाहिल्यावरचं आहे.

आधी निकाल. ट्रान्सम (मागची फळी, जिच्यावर इंजिन बसतं), तळाचे रिव्हेट आणि बसायच्या फळ्यांखालचा फोम या तीन कामांवर घातलेला प्रत्येक तास वसूल झाला. पुढच्या डेकवरचं कार्पेट, फवाऱ्याच्या डब्यातला रंग आणि घाईघाईत मारलेले पॉप रिव्हेट (एकाच बाजूने, आतली काडी ओढून बसवायचे पोकळ रिव्हेट) वाया गेले. दिसणाऱ्या कामावर जास्त वेळ गेला, आणि नेमकं तेच आधी बिघडलं.

अमेरिकेत आणि कॅनडात अशा बोटी घरामागच्या गवतात उलट्या पडलेल्या सहज मिळतात. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांसाठी पत्रा वाकवण्याचं आणि रिव्हेट मारण्याचं कसब होड्यांकडे वळलं. ग्रुमनसारखी विमान कंपनी ॲल्युमिनियमच्या कनू (वल्ह्याच्या अरुंद होड्या) बनवू लागली. मिनेसोटात अल्युमाक्राफ्ट आणि लुंड, इंडियानात स्टारक्राफ्ट यांच्या मासेमारीच्या बोटी घरोघरी पोचल्या. पत्रा बहुतेक ५०५२ मिश्रधातूचा असतो. गोड्या पाण्यात तो रंगाशिवायही दशकानुदशकं टिकतो. सडतं ते आतलं लाकूड, आणि कुजक्या ओल्या लाकडामुळे त्याला चिकटलेला पत्रा.

म्हणून विकत घेताना रंग बघू नका. ट्रान्समच्या वरच्या कडेची पट्टी जरा उचका आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक आत दाबा. चांगलं प्लायवूड दाद देत नाही. सडलेल्यात टोक चहात बुडवलेल्या खारीत शिरावं तसं शिरतं आणि बाहेर येताना काळपट, आंबूस वासाचा भुगा घेऊन येतं. मग इंजिन वर उचलण्याच्या स्थितीत ठेवून खालून धरून हलवा. ट्रान्सम त्याच्याबरोबर लवत असेल तर आतलं लाकूड बदलायचंय हे धरूनच किंमत ठरवा. लाकूड बदलता येतं. पत्र्यावर पांढऱ्या भुकटीखाली आरपार खड्डे पडले असतील तर मात्र ती बोट सोडा. आणि बोटीचा १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक मागच्या बाजूला उजवीकडे वर ठोकलेला आहे ना, तेही तपासा. १९७२ च्या अखेरीपासून तो सक्तीचा आहे आणि तो नसेल तर नोंदणीच्या खिडकीवर ताटकळावं लागतं.

ट्रान्सम

पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर चिकटवून दीड इंच जाडी करायची. मरीन प्लायवूड उत्तमच. बाहेरच्या वापराचं चांगलं प्लायवूडही चालतं, कारण डिंक त्यालाही पाण्यात न सुटणाराच असतो. फरक इतकाच की त्याच्या आतल्या थरांत पोकळ्या असू शकतात. कापल्यावर कडा उजेडात बघा आणि पोकळी दिसली की घट्ट केलेला इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर टणक होणारं रेझिन) भरा.

जे अजिबात वापरायचं नाही ते म्हणजे प्रेशर ट्रीटेड लाकूड. "हे कुजत नाही" म्हणून दुकानदार तेच पुढे करतो. त्यात तांबं असतं. २००४ पासून घरगुती बाजारात जे प्रकार आले त्यांत तर तांब्याचं प्रमाण जुन्यापेक्षा जास्त आहे. तांबं, ॲल्युमिनियम आणि मध्ये ओल, इतकं जमलं की विद्युतघट तयार होतो आणि त्यात खर्ची पडतं ते ॲल्युमिनियम. लाकूड वीस वर्षं टिकेल, पत्रा मात्र चार-पाच वर्षांत जाळीदार होईल. हाच धोका ट्रेलरवर लपलेला असतो: बोट ज्या कार्पेट चढवलेल्या लांब फळ्यांवर टेकते, त्या बहुधा ट्रीटेड लाकडाच्या असतात आणि त्यांच्यावरचं कार्पेट दिवसेंदिवस ओलं राहतं. त्या साध्या लाकडाच्या करून घेतल्या. ऑक्टोबरमध्ये तळाला त्या जागी एकही नवा डाग नव्हता.

जुनी फळी साचा म्हणून वापरायची असते, त्यामुळे ती तुकडे न करता काढा. नव्या फळीला सगळ्या बाजूंनी इपॉक्सीचे तीन हात, आणि कडांना चौथा, कारण पाणी कडेतूनच शिरतं. इंजिनच्या बोल्टसाठी सरळ भोक पाडू नका. ५/१६ इंची बोल्ट असेल तर आधी अर्ध्या इंचाचं भोक पाडा, ते सिलिका मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्याच्या मधोमध ५/१६ चं भोक पाडा. बोल्टभोवती लाकूड उरतच नाही, त्यामुळे पुढेमागे सील गेलं तरी फळी कोरडी राहते. बोल्ट स्टेनलेसचे, आणि जिथे ते ॲल्युमिनियमला लागतात तिथे टेफ-जेल या गंजरोधक पेस्टचा लेप. हंगामानंतर मुद्दाम एक बोल्ट काढून पाहिला. तो हाताने फिरला आणि भोकात पांढरी भुकटी नव्हती.

थंडीबद्दल एक सूचना. इपॉक्सी १० अंश सेल्सिअसच्या खाली नीट जमत नाही, चिकट राहतो. गॅरेज गरम करायला गॅसची उघडी शेगडी लावू नका. ती हवेत पाण्याची वाफ सोडते, ती थंड पत्र्यावर दव होऊन बसते, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. विजेचा हीटर लावा. ज्या दिवशी ॲसिटोन किंवा थिनर उघडाल त्या दिवशी तोही बंद, आणि गॅरेजमध्ये गॅसचा पाणी तापवायचा बंब असेल तर त्याची ज्योतही बंद.

रिव्हेट आणि गळती

कोकणातली लाकडी होडी पाण्यात ठेवली की लाकूड फुगतं आणि सांधे आवळतात. ॲल्युमिनियम फुगत नाही. इथली प्रत्येक गळती शोधूनच बंद करावी लागते.

शोधायची पद्धत उलटी आहे: बोट ट्रेलरवर ठेवून पाणी आत भरायचं आणि बाहेरून थेंब कुठे धरतो ते मार्करने खुणावायचं. तीन-चार इंचांपेक्षा जास्त भरू नका. एवढ्यानेच तीनशे किलोंच्या वर भार होतो, आणि तो पत्र्यावर व ट्रेलरवर आतून येतो. तळाला मध्ये टेकू द्या आणि तासभर थांबा. काही रिव्हेट लगेच गळतात, काही अर्ध्या तासाने एक थेंब सोडतात. पाणी न भरताही एक खूण दिसते: सैल रिव्हेटच्या डोक्याभोवती काजळीसारखा राखी-काळा ओघळ. तो धातूवर धातू घासून झालेला भुगा असतो.

सैल रिव्हेट आधी पुन्हा ठोकून पाहायचा. या कामाला दोन माणसं लागतात. बाहेरचा माणूस डोक्याच्या आकाराची वाटी लावलेला हवेचा हातोडा धरतो, आतला शेपटीवर दीड-दोन किलोचा गुळगुळीत पोलादी ठोकळा दाबून धरतो. दाब ४० पीएसआयच्या आसपास ठेवून सुरुवात करा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण ९० चा दाब दिला तर वाटी घसरते आणि पत्र्यावर चंद्रकोरीसारखा पोचा पडतो. रिव्हेट बसला की आवाजच सांगतो: आधी खडखड पसरट येते, मग दोन-तीन सेकंदांत ती आखडून टणक, कोरडी होते. तिथे थांबायचं. पुढे ठोकत राहिलं तर शेपूट चिरते. दोघांनीही कानात बोळे घालावेत. रिकामी बोट म्हणजे भलामोठा नगाराच असतो.

ठोकूनही न आवळणारा रिव्हेट बदलायचा. डोक्याच्या मधोमध खूण करून डोक्यापुरतंच ड्रिल करा, डोकं उडवा, दांडा पंचने बाहेर काढा. ३/१६ इंची रिव्हेटचा दांडा दोन्ही पत्रे एकत्र आवळल्यावर व्यासाच्या दीडपट, म्हणजे साधारण ७ मिमी, बाहेर उरला पाहिजे. कमी उरला तर पकड येत नाही, जास्त उरला तर वाकून लोळतो. भोक लंबगोल झालं असेल तर एक माप मोठा रिव्हेट घ्या.

हात पोचत नाही तिथे बंद टोकाचे पॉप रिव्हेट वापरतात. ते चालतात, पण आतली काडीही ॲल्युमिनियमची हवी आणि मारण्याआधी टोकाला सीलंट लावायला हवं. एका फासळीत साध्या, पोकळ टोकाचे, पोलादी काडीचे पॉप रिव्हेट मारले गेले होते. जुलैत त्यांतले तीन गळायला लागले आणि काडी गंजून तपकिरी ओघळ आला. ठोस रिव्हेटपैकी एकही सुटलेला नाही.

हे सगळं झाल्यावरच शिवणींवर ग्लूविट. हा पातळ, मधाच्या रंगाचा दोन भागांचा इपॉक्सी आहे, बोटीच्या आतून शिवणी आणि रिव्हेटच्या शेपटांवर ब्रशने लावायचा. पत्रा कोमट असेल तर तो फटीत ओढला जातो. थंड पत्र्यावर नुसता वर बसतो. सैल रिव्हेटवर तो लावून दुरुस्ती होत नाही: रिव्हेट हलत राहतो आणि थर पुन्हा चिरतो. त्याच्याखाली कोणी पूर्वी सिलिकॉन चोपडलेलं असेल तर ते कणभरही शिल्लक ठेवू नका, त्याच्यावर काहीच चिकटत नाही. प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, मग साध्या पोलादाचा नव्हे, स्टेनलेसचा ब्रश, मग ॲसिटोन. साध्या पोलादी ब्रशचे कण पत्र्यात रुततात आणि तिथेच गंज धरतात. उन्हात हा इपॉक्सी खराब होतो, म्हणून उघड्या जागी त्यावर रंगाचा हात द्यावा.

ड्रेन प्लगच्या चकतीला आणि नाळेच्या (बोटीच्या पुढच्या भागाच्या) टोकाला थ्रीएमचं ४२०० सीलंट लावलं. त्याचाच मोठा भाऊ ५२०० जास्त घट्ट आहे, पण तो कायमचा. पुढे चकती बदलायची वेळ आली की पत्रा सोलून निघतो.

निकाल: दुरुस्तीआधी तासाभरात घोट्यापर्यंत पाणी यायचं. आता पाच तासांनंतर स्पंजने टिपण्याइतकं येतं, आणि त्यातलं बरंच बुटांवरून आलेलं असतं.

फोम

बाकांखालचा फोम लोक फेकून देतात आणि ती जागा सामानाला वापरतात. असं करू नका. बोट भरली तर तोच माणसांना वर धरतो. जुना फोम मात्र बदलावा लागतो. वर्षानुवर्षं पाण्यात बसून तो भिजतो. आमच्या बोटीतून निघालेले तुकडे पिळले तर धार लागत होती. नवा म्हणून घरबांधणीतला निळा किंवा गुलाबी एक्सपीएस (सलग, टणक पॉलिस्टायरीन फोम) घ्या, पांढरा मण्यांचा थर्माकोल नको. दोन इंची जाड, ४ बाय ८ फुटांची एक शीट साधारण सव्वापाच घनफूट होते आणि जवळपास १४५ किलो उचलून धरते. दोन शीट बसवल्या. जुन्यापेक्षा कमी घनफूट भरायचं नाही, हा नियम. फोम तळाला टेकू न देता खाली अर्धा इंच मोकळं ठेवा, म्हणजे पाणी वाहून जातं. एक कमतरता लक्षात असू द्या: एक्सपीएस पेट्रोलमध्ये विरघळतो. म्हणून इंधनाची टाकी त्या कप्प्यापासून लांब.

ऑक्टोबरमध्ये बाक उघडून दोन तुकडे काट्यावर ठेवले. वजन बसवतानाइतकंच.

डेक, रंग, वायरिंग

डेकसाठी अर्धा इंची प्लायवूड, इपॉक्सी दिलेलं. इतपत ठीक. त्याच्यावरचं कार्पेट ही चूक. ऑगस्टपर्यंत कुबट वास, खाली कायम ओल, आणि तीन काट्यांचे गळ त्यात असे अडकतात की कात्रीच लागते. घसरण टाळायला रंगात वाळू मिसळलेला थर किंवा खरखरीत व्हिनाइल बरं. डेक उंच करायचा मोहही आवरा. १४ फुटी अरुंद बोटीत सहा इंच वर उभं राहिलं तरी डुलणं स्पष्ट वाढतं, आणि लाकडाचं वजन क्षमतेच्या पाटीवरच्या आकड्यातूनच वजा होतं.

रंगाबद्दल थोडक्यात. जुना रंग काढायला वाळूचा मारा नको, पातळ पत्रा लहरतो. घासलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइड लगेच धरतं, म्हणून सेल्फ-एच (पत्रा किंचित कोरून त्याला धरणारा) प्रायमर त्याच दिवशी. बाजूंना रोलरने मारलेला, हार्डनर घातलेला ट्रॅक्टरचा एनॅमल टणक राहिला. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं; योग्य गाळणीचा मुखवटा घाला आणि घरगुती सोयीत तो फवारू नका. तळाला फवाऱ्याच्या डब्यातला रंग मारला होता, तो पहिल्या महिन्यातच किनाऱ्याच्या खड्यांवर कण्यापासून सुटला. तळाला खरं तर रंग लागतच नाही. शेवाळरोधक तांब्याचा रंग तर ॲल्युमिनियमवर कधीच नाही, कारण वर सांगितलेलंच.

वायरिंगमध्ये पत्र्याला परतीची तार (अर्थिंग) म्हणून वापरू नका. प्रत्येक दिव्याला दोन तारा. ५५ पौंड जोराची ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवायची विजेची मोटर) पूर्ण जोरावर ५० अँपिअरपर्यंत ओढते: ६० अँपिअरचा ब्रेकर, ६ गेजची कथिल चढवलेली तार, आणि ब्रेकर बॅटरीपासून सात इंचांच्या आत.

या हिवाळ्यातली कामं ठरलेली आहेत. कार्पेट उचकटून डेक कोरडा करून पुन्हा इपॉक्सी. फासळीतले सगळे पोलादी काडीचे पॉप रिव्हेट काढून, जिथे हात पोचेल तिथे ठोस. कण्यावरचा उरलासुरला रंग खरवडून तो उघडाच ठेवणं. ट्रान्समला हात लावायची गरज नाही.