दिवसभर पायी फिरायचंय: बूट, सँडल की चप्पल? आणि आत कोणते मोजे?

सोलापुरात एरवी आपलं चालणं किती होतं? घरातून गाडीपर्यंत, गाडीतून ऑफिसात, संध्याकाळी फार तर पार्क चौकात एक फेरी. सहलीला गेलं की तोच पाय सकाळी आठपासून रात्रीपर्यंत रस्त्यावर असतो. दहा-बारा किलोमीटर सहज होतात, म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास पावलं. त्यातली बरीचशी पायऱ्यांवर, चढावर नाहीतर ओबडधोबड दगडावर पडतात. पहिल्या दिवशी टाचेला फोड आला की उरलेली सहल हॉटेलच्या खोलीत जाते. म्हणून कपड्यांच्या आधी पायांचं बघा असं मी कळकळीने सांगते.

कुठला बूट चांगला, असं विचारणाऱ्याला मी उलट दोन प्रश्न विचारते. दिवसातून किती वेळा तो काढावा लागणार आहे? आणि जिथे जाताय तिथली हवा कोरडी आहे की दमट? कंपनी आणि किंमत यांचा विचार त्यानंतर.

काढघाल किती?

आपल्या सहलींत देवळं असतातच. हंपीला विरूपाक्षाचं दर्शन, अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांबाहेर पादत्राणं काढणं, तिरुपतीला तर अलिपिरीच्या साडेतीन हजारांवर पायऱ्या बहुतेक भाविक अनवाणीच चढतात. अशा दिवशी घट्ट नाडीचा बूट हा ताप होतो. दर वेळी खाली बसा, नाडी सोडा, मोजे काढा, परत घाला. तिसऱ्या देवळानंतर माणूस नाडी सैल ठेवूनच पाय खुपसतो, टाच आत वरखाली सरकायला लागते आणि फोड नेमका तिथेच येतो.

वेरूळच्या 34 लेण्यांचा पसारा, मुंबईतली संग्रहालयं, राजस्थानातले किल्ले, परदेशातली शहरं इथे मात्र बूट एकदा घातला की संध्याकाळीच काढायचा. अशा दिवसांना बंद बुटाशी कशाचीच बरोबरी नाही.

सहलीत दोन्ही प्रकारचे दिवस असतील तर दोन जोड न्या. बॅगेत जागा नाही ही सबब मला पटत नाही. जीन्सची एक पँट कमी करा, सँडल मावते. रोज एकच जोड घातला तर घामाने ओला झालेला बूट रात्रीत पुरता वाळत नाही आणि दुसऱ्या दिवशी पाय ओलसर बुटात जातो. अदलाबदल केली की पट्टा किंवा शिवण रोज एकाच जागी घासत नाही, हाही मोठा फायदा.

बंद बूट: जाळीचा, चामड्याचा की ट्रेकिंगचा?

बहुतेकांसाठी माझं मत जाळीच्या कापडाच्या वॉकिंग किंवा रनिंग शूजना. वजनाला हलके, हवा खेळती, लवकर वाळतात. त्यांच्या तळात बहुधा ईव्हीए नावाचा फोम असतो. तो हलका आणि लवचिक असतो, पण वापराने दबत जातो. त्यामुळे वरून नवा दिसणारा पण दोन वर्षं रोज सकाळी फिरायला वापरलेला बूट सहलीला नेताना तळ बघून घ्या. बाजूने पाहिल्यावर फोमवर आडव्या सुरकुत्या पडलेल्या दिसल्या, किंवा टेबलावर ठेवल्यावर बूट एका अंगाला कलला, तर त्याचं आयुष्य झालं.

पावसाळ्यात महाबळेश्वरला किंवा कोकणात निघाला असाल तर जाळीतून पाणी आत येणार हे गृहीत धरा. तरी ती लवकर वाळते. वॉटरप्रूफ म्हणून मिळणाऱ्या बुटात वरून एकदा पाणी शिरलं की ते आतच राहतं, आणि आपल्या उन्हाळ्यात तर त्यात पाय शिजतो.

चामड्याचा ऑफिसचा बूट दिवसभर फिरायला नको. ट्रेकिंगचे घोट्यापर्यंतचे बूट रानात, सुट्या दगडांवर, पाठीवर ओझं असताना उपयोगाचे. शहरात आणि लेण्यांत ते नुसते पायातलं वजन वाढवतात.

एक गोष्ट सोलापूरकरांनी जरूर बघावी. कपाटात चार-पाच वर्षं खोक्यात ठेवलेला, जेमतेम वापरलेला बूट तुम्ही सहलीसाठी बाहेर काढता, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा तळ भुगा होऊन गळायला लागतो. काही बुटांच्या तळात पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन नावाचा फोम असतो. हवेतल्या ओलाव्याने तो न वापरताही आतून कुजत जातो. निघायच्या आधी अंगठ्याने तळ दाबून आणि बूट वाकवून बघा. चुरा निघाला किंवा भेग पडली तर तो जोड घरीच राहू दे. तसंच मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बूट ठेवू नका. आपल्याकडच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत बंद गाडी किती तापते ते सांगायला नको. त्यात फोम आक्रसतो आणि चिकटवलेला तळ सुटतो.

सँडल, क्लॉग आणि कोल्हापुरी

मागे पट्टा असलेली स्पोर्ट्स सँडल देवळांच्या दिवसाला, समुद्रकिनाऱ्याला आणि पावसाला उत्तम. मात्र पट्टे तीन ठिकाणी हवेत: चवड्यावर, घोट्याजवळ आणि टाचेमागे. मागचा पट्टा नसेल तर चप्पल पायात टिकवायला बोटं सतत आवळली जातात आणि संध्याकाळी पोटऱ्या दुखायला लागतात. सँडलचे तोटेही आहेत. खडे आत जातात, बोटांना ठेच लागते, आणि टाचांना भेगा असतील तर धुळीने त्या आणखी वाढतात.

क्लॉग, म्हणजे भोकाभोकांचे रबरी बूट, खोलीत आणि बाथरूमपर्यंत ठीक. उतारावर त्यात पाय पुढे सरकतो.

कोल्हापुरीबद्दल मला मनापासून आदर आहे. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर आपलं सोलापूरही आहे. चांगली कोल्हापुरी पायाला लागून मऊ झाली की तासभर फिरायला छान वाटते. पण तिचा तळ सपाट चामड्याचा. दणका शोषून घेणारं त्यात काही नसतं आणि गुळगुळीत फरशीवर तो घसरतो. पाण्यात भिजली तर चामडं खराब होतं. संध्याकाळी जेवायला जाताना, फोटोला, लग्नाला ती घाला. बारा किलोमीटरच्या दिवसाला नको.

यावर कोणीतरी म्हणतंच, वारकरी साध्या चपलेवर पंढरपूर गाठतात की. खरं आहे. पण त्यातल्या कित्येकांचे पाय शेतात वर्षभर चालून तयार झालेले असतात. आपण वर्षभर खुर्चीत बसतो. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांना विचारा. पंचेचाळीसेक किलोमीटरची ती वाट सरावाशिवाय चाललेल्याचे तळवे दुसऱ्या दिवशी कसे असतात ते तेच सांगतील.

मोजे: इथे खरा फरक पडतो

तीन हजारांचा बूट घेणारा माणूस आत रस्त्यावर मिळणारे पन्नास रुपयांचे सुती मोजे घालतो, हे मला बघवत नाही. फोड येतो तो घासण्याने, आणि ओली कातडी कोरड्या कातडीपेक्षा फार लवकर सोलवटते. म्हणजे बूट पायात नीट बसवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच पाय कोरडा ठेवणं. हे दुसरं काम मोज्यांचं.

सुती मोजे घालायला मऊ, पण सुती धागा घाम पोटात घेतो आणि सोडत नाही. दोन तासांत मोजा ओला होतो, ताणला जातो, बुटात त्याच्या वळ्या पडतात. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही, घाम बाहेरच्या बाजूला ढकलतो. त्यात थोडं स्पँडेक्स, म्हणजे ताणला जाणारा धागा असला की मोजा पायाला चिकटून राहतो. बांबूचे म्हणून विकले जाणारे मोजे बहुधा व्हिस्कोसचे, म्हणजे झाडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्याचे असतात. ते फार मऊ लागतात, पण पाणी धरून ठेवण्यात सुतीच्याच पंक्तीतले. मेरिनो लोकरीचे मोजे थंडीत, हिमाचल-काश्मीरला अप्रतिम. ती लोकर वजनाच्या तीसेक टक्के ओलावा घेऊनही पायाला कोरडी वाटते आणि वास धरत नाही. महाग असतात, म्हणून फक्त तिकडे जाणार असाल तर एक-दोन जोड घ्या.

आपल्याकडे सुती मोज्यांबद्दल गैरसमज होण्याचं एक कारण सोलापूरची हवाच आहे. इथे मार्च-एप्रिलमध्ये दोरीवर टाकलेला मोजा तासा-दोन तासांत कडकडीत वाळतो. बुटातला घामही उडून जातो, त्यामुळे सुती मोज्यांचं काही वाईट दिसत नाही. तेच मोजे घेऊन मुंबईला, गोव्याला, कोचीला जा. दमट हवेत घाम उडत नाही आणि हॉटेलच्या बाथरूममध्ये रात्री धुतलेला सुती मोजा सकाळी ओलाच मिळतो. इथे आठ दिवस वापरून उत्तम ठरलेली जोडी तिथे पहिल्याच दुपारी दगा देते. दमट ठिकाणी जायचं असेल तर सुती मोजे बॅगेत घालूच नका.

जाडीचंही सांगते. टाचेखाली आणि चवड्याखाली आतून लूप असलेले मोजे घ्या. टर्किश टॉवेल विणणाऱ्या गावाला हे लूप वेगळे समजावायची गरज नाही. मोजा दुकानातच उलटा करून हात फिरवा. टॉवेलसारखे उभे लूप टाचेला आणि चवड्याला लागले पाहिजेत, वरच्या बाजूला मात्र पातळ जाळी हवी. मग बोटांवरची शिवण बघा. ती बोटाला जाड टोचली तर करंगळी संध्याकाळी लाल होणार. घोट्याखाली संपणारे छोटे मोजे दिसायला बरे, पण चालताना टाचेखाली सरकतात. घोट्याच्या वर दोन-तीन बोटं येणारेच घ्या. आणि दुपारसाठी एक कोरडा जोड बरोबर ठेवा. जेवायला बसल्यावर मोजे बदलण्यासारखं स्वस्त आणि खात्रीचं सुख नाही.

ज्यांना हमखास फोड येतात त्यांनी निघण्यापूर्वीच त्या जागेला पेट्रोलियम जेली लावावी किंवा मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी बसवावी. चालता चालता एखादी जागा गरम वाटायला लागली की लगेच थांबायचं. फोड दिसेपर्यंत वाट बघायची नाही.

आईसाठी, सासूबाईंसाठी

याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही म्हणून थोडं सविस्तर. साडीवर स्पोर्ट्स शूज घालायला बऱ्याच बायका तयार नसतात, आणि त्यांना जबरदस्ती करून उपयोग नाही. वेल्क्रोची सँडल सुचवली जाते, पण वेल्क्रोच्या काट्यांत साडीचा फॉल आणि निऱ्यांचे धागे अडकतात. रेशमी साडी असेल तर धागा ओढला गेलाच म्हणून समजा. त्यापेक्षा बकलची, मागे पट्टा असलेली सँडल किंवा टाच बंद असलेला मऊ स्लिप-ऑन बरा. स्लिप-ऑन घ्यायचा तर टाचेमागचा भाग बोटाने दाबून बघा. तो कडक असेल तरच उतारावर पाय धरून ठेवतो.

जोडव्यांचाही विचार करा. बंद बुटात जोडवं वरच्या कापडाला आणि शेजारच्या बोटाला घासतं. उन्हात पाय सुजले की ते रुतायला लागतं आणि निघतही नाही. सहलीपुरती पातळ, चपटी जोडवी घाला आणि पुढे रुंद असलेला बूट बघा.

दुकानात काय बघायचं

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि सहलीत ते याहून जास्त फुगणार असतात. सहलीत घालणार तेच मोजे बरोबर न्या. दोन पाय क्वचितच सारखे असतात, म्हणून मोठ्या पायाचं माप धरा.

सगळ्यात खात्रीची परीक्षा सोपी आहे. बुटातलं इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मोजे घालून त्यावर उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. कित्येकांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा तेच धरायचं. करंगळी कडेच्या बाहेर येत असेल तर तो बूट कितीही आवडला तरी तुमचा नाही. जागा कमी पडली तर पायऱ्या उतरताना नख पुढे आपटून काळं पडतं.

दुकानदार म्हणेल, "घ्या ताई, वापरल्यावर सैल होतो." चामडं रुंदीला थोडं सैलावतं हे खरं. लांबीला कोणताच बूट वाढत नाही, आणि सिंथेटिकचे तर रुंदीलाही फारसे नाहीत. मेमरी फोमलाही भुलू नका. दुकानात पाच मिनिटं पाय गादीवर ठेवल्यासारखं वाटतं, दोन-तीन तास चालल्यावर तो फोम दबून चपटा होतो. बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर परत ठेवा.

मधुमेह असलेल्यांसाठी नियम वेगळे आहेत. पायाची संवेदना कमी झाली असेल तर खडा टोचलेला किंवा फोड फुटलेला कळतही नाही. त्यांनी उघडी सँडल टाळावी, शिवण न टोचणारे फिक्या रंगाचे मोजे घालावेत म्हणजे रक्ताचा डाग लगेच दिसतो, आणि रोज रात्री तळवे, बोटांच्या बेचक्या कोणाकडून तरी बघून घ्याव्यात. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी जाणं त्यांना धोक्याचं आहे. निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

बूट किमान तीन आठवडे आधी घ्या. पहिले काही दिवस घरात, मग सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने, मग एखाद्या रविवारी विजापूर रस्त्यावरच्या कंबर तलावापर्यंत दोन-तीन तास. लागत असेल तर तेव्हाच कळेल.

आणि सहल चार दिवसांवर आली असेल, तर नव्या बुटाच्या मागे लागू नका. पायाला बसलेला जुना जोड घ्या, झिजला असेल तर त्यात नवं इनसोल टाका आणि सगळे पैसे चांगल्या मोज्यांच्या तीन-चार जोड्यांवर घाला.