मिनिटांच्या काळ्या चौकटीखाली गेलेली डाऊनी: थंबनेल टूलचे सात महिने

परवा सकाळी बागेत औषध मारायची तयारी चालू असताना बँकेचा मेसेज आला. उद्या कार्डावरून पैसे कापणार, आणि रक्कम नेहमीपेक्षा जास्त. आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची सूचना २४ तास आधी द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो कामी आला. ब्लोअर बाजूला उभा केला, बांधावर बसलो आणि थंबनेल टूलची वर्गणी बंद केली. सात महिने वापरलेल्या या टूलबद्दल लिहायचं राहून गेलं होतं, ते आता लिहितो.

थंबनेल म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं छोटं चित्र. स्पर्धक चॅनलची थंबनेल गोळा करून दाखवणारं, आपलं थंबनेल त्यांच्या रांगेत ठेवून बघू देणारं हे ब्राउझरला जोडायचं एक्सटेन्शन. याच साच्याची आणखी बरीच आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. माझा यूट्यूब चॅनल द्राक्षाचा. राहतो नाशिकच्या म्हसरूळला, बाग दिंडोरी तालुक्यात. छाटणीपासून काढणीपर्यंत रोज जे करतो तेच दाखवतो. जुलैमध्ये टूल घेतलं, कारण माझ्यानंतर सुरू झालेले चॅनल पुढे गेले होते आणि माझं काय चुकतंय ते मला कळत नव्हतं.

आता मुख्य तक्रार. यूट्यूब प्रत्येक थंबनेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची लांबी दाखवतं, काळ्या चौकटीत पांढरे आकडे. हे टूल ती चौकट दाखवतच नाही. स्पर्धकांची सगळी थंबनेल कोरी, स्वच्छ दिसतात. आपलंही तसंच दिसतं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला आणि डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आली, तेव्हा मी घाईने व्हिडिओ केला. हातात पान, पानावर पिवळा तेलकट डाग, डाग बरोबर उजव्या खालच्या कोपऱ्यात. टूलमध्ये रांगेत ठेवून पाहिलं तर माझंच थंबनेल सगळ्यांत उठून दिसत होतं. टाकलं. मोबाईलवर तो डाग '१२:४०' च्या खाली पूर्ण झाकला गेला. राहिलं काय, तर एक हिरवंगार निरोगी पान आणि माझा चेहरा.

शेजारच्या मळ्यातले आप्पा दुसऱ्या दिवशी बांधावर भेटले तेव्हा म्हणाले, "नाना, तुमचा फोटो दिसतो, रोग कुठंय?" ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. डाऊनीत शेतकऱ्याला दोन-तीन दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. त्या दिवसांत ज्याला गरज होती तो माझ्या व्हिडिओवरून बोट सरकवून पुढे गेला.

मी टूलवाल्यांना लिहिलं, स्क्रीनशॉट जोडले. चार दिवसांनी तयार मजकुराचं उत्तर आलं की सूचना नोंदवली आहे. परत लिहिलं, परत तेच. तीन महिन्यांनी तुलनेची सोयच महागड्या प्लॅनमध्ये हलवली, तरी चौकट आली नाही. डॉलरमधले पैसे, त्यावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क, आणि काम अर्धवट. एका काळ्या चौकोनासाठी मी एवढा हट्ट का धरतो असं घरी विचारतात. धरतो, कारण बघणाऱ्याला जे दिसतं तेच दाखवणं एवढंच या टूलचं काम आहे.

इथपर्यंत वाचून वाटेल की टूल फुकट गेलं. डिसेंबरपर्यंत माझंही तेच मत होतं. मग त्यातली एक सोय नीट वापरली आणि मत थोडं बदललं. एखादा व्हिडिओ त्याच चॅनलच्या नेहमीच्या व्ह्यूजच्या किती पट चालला, हे ते दाखवतं. आधी मी मोठ्या चॅनलची थंबनेल बघून लाल बाण आणि उघडं तोंड उचललं होतं. त्यांचे व्ह्यूज त्यांच्या सबस्क्रायबरमुळे येतात, बाणामुळे नाही. माझ्याकडे बाणाने क्लिक वाढल्या, पण लोक अर्ध्या मिनिटात निघून गेले. पटीने लावून पाहिल्यावर तासगावकडचा एक छोटा चॅनल वर आला. त्याचं थंबनेल अगदी साधं होतं. पान उलटं धरलेलं, खालच्या बाजूची पांढरी बुरशी दिसतेय, शेजारी अंगठा, आणि तीनच शब्द: डाऊनी की भुरी?

त्यावर मी बराच वेळ थांबलो. पांढरं दिसलं की नवा बागायतदार गोंधळतो. डाऊनीत वरून तेलकट डाग आणि पानाच्या खालून पांढरी वाढ. भुरीत राख भुरभुरल्यासारखी पावडर, पानावर आणि मण्यांवरही. औषधं वेगळी. त्या माणसाने शेतकऱ्याच्या मनातला प्रश्नच थंबनेलवर ठेवला होता. मी इतके महिने रंग आणि अक्षरं तपासत होतो, प्रश्न तपासलाच नव्हता.

अर्थात ही पट हाताने काढता येते. चॅनलच्या व्हिडिओ टॅबमध्ये 'लोकप्रिय' दाबा, वरच्या पाचांचे व्ह्यूज ताज्या दहांशी ताडून बघा. दहा मिनिटांचं काम, पैसे शून्य. हे आधी सुचलं असतं तर एका फवारणीचे पैसे वाचले असते.

यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे चॅनल चालवणाऱ्यांसाठीचं यूट्यूबचं पान, त्यातली तीन थंबनेलपर्यंत एकमेकांशी ताडून बघणारी चाचणीही वापरली. ती विजेता क्लिकवरून नाही, बघितलेल्या वेळेवरून ठरवते, आणि बाणाच्या अनुभवानंतर मला हे पटतं. पण निकालाला दोन आठवडेही लागू शकतात. फुलोऱ्यातल्या रोगाच्या व्हिडिओला एवढे दिवस नसतात. माझ्या छोट्या चॅनलवर दोनदा तर स्पष्ट निकालच आला नाही. खरड छाटणी, माती परीक्षण असे पुढेही चालणारे विषय असतील तरच मी ती लावतो. क्लिकच्या टक्क्यांवरून, म्हणजे थंबनेल जितक्यांदा दिसलं त्यातल्या किती वेळा क्लिक झालं यावरून, घाबरू नका, निम्म्या चॅनलचा हा दर २ ते १० टक्क्यांत असतो असं यूट्यूबच सांगतं, आणि व्हिडिओ अनोळखी लोकांपर्यंत गेला की हा दर सहसा उतरतो.

आता माझी पद्धत अशी. मोबाईलवर गुप्त (इनकॉग्निटो) टॅब उघडून शेतकरी शोधेल तेच शब्द टाकतो, 'द्राक्ष पान पिवळे डाग' असे. वरच्या आठ-दहा निकालांचा स्क्रीनशॉट घेतो, त्यात काळी चौकट आपोआप येते. त्यावर माझं थंबनेल चिकटवतो आणि दुपारच्या उन्हात मांडवाबाहेर उभा राहून, ब्राइटनेस न वाढवता बघतो. कोपऱ्यातला चौकोन रिकामा सोडतो. अक्षर वाचता आलं नाही तर शब्द कमी करतो, अक्षर बारीक करत नाही. शेवटी आप्पांना दाखवतो आणि एवढंच विचारतो, हा व्हिडिओ कशाचा आहे?

गेल्या आठवड्यात मणी तडकण्यावरचं थंबनेल त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि मग विचारलं, "पाणी कधी कमी करायचं ते सांगितलंय ना?" नव्हतं सांगितलं. संध्याकाळी परत बागेत जाऊन तेवढा भाग शूट केला.