सर्व्हावॅक: दोन डोस झाले, एक बाकी

सर्व्हावॅक म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळणारी, एचपीव्ही या विषाणूवरची लस. आधी किंमत सांगते, कारण होस्टेलवर पहिला प्रश्न तोच येतो. बेळगावच्या टिळकवाडीतल्या ज्या दवाखान्यात घेतली तिथं एका डोसचे 2,000 आणि टोचायचे 150. मला 21 पूर्ण, म्हणून तीन डोस: पहिला मे महिन्यात, दुसरा दोन महिन्यांनी, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. धाकटी 13 ची, तिला सहा महिन्यांच्या अंतरानं दोनच. दोघींचे मिळून 10,750. आकडा ऐकून बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. तिथं गार्डासिल 9 ही दुसरी लस पण होती, ती या विषाणूच्या जास्त प्रकारांवर चालते, पण तिच्या एका डोसच्या पैशांत आमचं दोघींचं सगळं बसत होतं. सर्व्हावॅक पुण्याच्या सीरमची, 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांवरची. घेतली.

मी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागं 16 आणि 18 हे दोन प्रकार मिळून साधारण 70 टक्के, हे मला झोपेतून उठवून विचारा. या कॅन्सरमागं हा विषाणू आहे हे शोधल्याबद्दल 2008 चं नोबेल हाराल्ड त्सुर हाउजेन यांना, तेही एका मार्कासाठी पाठ. आणि आमच्या खोलीतल्या चौघींपैकी लस घेतलेली एकही नव्हती! एकीला वाटायचं लग्न झाल्यावर घ्यायची असते. हुक्केरीची रूममेट म्हणाली, घरी कशाची लस म्हणून सांगू? गंमत बघा, पोस्टिंगच्या आधी हिपॅटायटिस बीची आम्ही सगळ्यांनी मुकाट घेतली होती. तोही एचपीव्हीसारखाच शरीरसंबंधातून पसरतो. पण तिथं ‘वॉर्डात सुई लागली तर’ असं घरी सांगता येतं. इथं सांगायला तसलं काही नाही.

आमच्या घरी आत्या आडवी आली. लग्न ठरायच्या आत असलं काय काढलंय म्हणे. मी म्हटलं, आत्या, पाऊस लागल्यावर कौलं कोण परततंय? संबंध यायच्या आधी घेतली तर पुरता उपयोग, शिरलेला विषाणू ही लस बाहेर काढत नाही. खानापूरकडच्या बाईला कौलांचं लगेच पटतं.

आता दवाखाना. काउंटरवरच्या बाईंनी पाच-सहा माणसांदेखत मोठ्यानं विचारलं, “लग्न झालंय? नाही? मग कशाला घेताय?” मी नर्सिंगची असून माझे कान तापले, साध्या कॉलेजची पोरगी तिथूनच परतली असती. जुलैत दुसऱ्या डोसाला गेले तर लस संपलेली, फोन करून सांगायचं कुणाला सुचलं नाही. भर पावसात दोन खेपा.

आतली सिस्टर मात्र सोन्यासारखी. सिरिंज काढायच्या आधी “ऊट आयता?” म्हणून जेवणाची चौकशी. धाकटी दोन बिस्किटांवर आलेली, तिला आधी केळं खायला लावलं. एक्स्पायरी दाखवली, फ्रिजचा काटा 4 वर होता तोही दाखवला (मीच वाकून बघत होते). टोचल्यावर 15 मिनिटं बाकावरून उठू दिलं नाही. धाकटीला जरा भोवळल्यासारखं झालं, आडवं केलं, पाच मिनिटांत ठीक. माझा दंड दोन दिवस दुखला, बाकी काही नाही.

डॉक्टरांना मी विचारलं, जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये 9 ते 20 वयाला एक डोसही चालतो म्हटलंय, मग धाकटीला दोन का? त्या चिडल्या नाहीत. ते मोठ्या मोहिमांसाठीही आहे, म्हणाल्या, पण लसीच्या कागदावर दोन आहेत, मी दोन देते, ठरवा तुम्ही. आई म्हणाली, “डॉक्टर दोन म्हणायल्यात तर दोनच.” मग त्यांनी आईकडं मोर्चा वळवला: लस घेतली तरी पुढं या कॅन्सरची तपासणी चुकत नाही, आणि तुमची कधी झालीय? आई 44 ची, तीन बाळंतपणं, तपासणी एकदाही नाही. “बघू,” म्हणाली आणि पर्स आवरायला लागली.

दवाखान्याला साडेतीन तारे. दीड काउंटरचा कापला. हुक्केरीवालीनं जुलैत माझ्याबरोबर पहिला डोस घेतला, घरी अजून सांगितलेलं नाही. माझा तिसरा आणि धाकटीचा दुसरा नोव्हेंबरात एकाच दिवशी येतोय. आईच्या तपासणीचं नावही त्याच दिवशी घालून ठेवलंय. तिला बसमध्ये बसल्यावर सांगणार.