कमी चालणाऱ्या जुन्या गाडीचा एसी: दुरुस्तीनंतर उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावरचा अनुभव

आमची २००७ सालची पेट्रोल हॅचबॅक रत्नागिरीत असते आणि बाजार, दवाखाना, अधूनमधून गणपतीपुळे एवढ्यापुरतीच बाहेर निघते. मार्चअखेरीस तिच्या एसीची दुरुस्ती करून घेतली. एप्रिल-मेचा उकाडा आणि सबंध पावसाळा गेल्यानंतर हे लिहीत आहे, कारण उभ्या राहणाऱ्या गाडीचा एसी ज्या कारणांनी बिघडतो, त्यांची विचारपूस गॅरेजमध्ये सहसा होत नाही.

हवा यायची, पण गार नसायची. कॉम्प्रेसरचा (गॅस दाबणाऱ्या पंपाचा) क्लच, म्हणजे त्याला इंजिनशी जोडणारा भाग, पकडायचा आणि लगेच सुटायचा. पहिल्या गॅरेजने गॅस कमी असल्याचे सांगून तो भरून घेण्याचा सल्ला दिला. गॅस खरोखरच कमी होता. मात्र ही बंद यंत्रणा आहे. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडासा झिरपतो तेवढा सोडला, तर गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. गळतीची जागा न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने निघून जातो, म्हणून आम्ही गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली.

त्यांनी यंत्रणेत नायट्रोजनचा दाब दिला आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. कंडेन्सरकडच्या (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीकडच्या) नळीची एक ओ-रिंग, म्हणजे जोडातले रबरी कडे, कडक झाली होती, आणि क्लचच्या मागे तेलकट डाग होता, म्हणजे कॉम्प्रेसरच्या शाफ्टचा (फिरत्या दांड्याचा) सीलही गळत होता. एसीतल्या आर-१३४ए गॅसबरोबर यंत्रणेत तेल फिरते आणि तेच या सीलला ओले ठेवते. एसी महिनोन्‌महिने बंद राहिला की सील कोरडा पडतो आणि गॅसला वाट मिळते. आमच्या गाडीत नेमके हेच झाले होते, असे माझे मत आहे.

सील आणि ओ-रिंगबरोबर रिसीव्हर ड्रायरही (यंत्रणेतला ओलावा शोषणारी डबी) बदलला. हा खर्च टाळू नये, कारण कॉम्प्रेसरचे पीएजी (कृत्रिम) तेल हवेतला ओलावा ओढून घेते आणि यंत्रणा उघडल्यावर तो आत शिरतोच. नंतर पाऊण तास व्हॅक्यूम पंप चालवला, ज्यामुळे उरलेला ओलावा कमी दाबात उकळून बाहेर पडतो. गॅस मात्र बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाप्रमाणे, काट्यावर मोजून भरायला लावला. इंजिन बंद असताना ३० अंश तापमानाला दाबाचा गेज साधारण ९५ ते १०० पीएसआय दाखवतो, परंतु आत थोडासा द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी हा आकडा तेवढाच राहतो, त्यामुळे त्यावरून गॅसचे प्रमाण कळत नाही.

एवढे होऊनही एप्रिलमध्ये एक तक्रार राहिली: गाडी धावताना गारवा उत्तम, बाजारात उभी राहिली की हवा कोमट. कंडेन्सरवर पाणी शिंपडल्याबरोबर गारवा परत आला, म्हणजे गॅस पुरेसा होता आणि कंडेन्सरला वारा कमी पडत होता. पंख्याची मोटर खारट हवेने गंजून मंद फिरत होती. ती बदलल्यावर भर मे महिन्यात, दुपारी, गाडी उभी असतानाही झरोक्यातली हवा थर्मामीटरवर ९ अंशांच्या आसपास होती. सप्टेंबरअखेरीस पुन्हा मोजली, तेव्हाही फारसा फरक नव्हता.

आता गाडी बाहेर निघाली नाही तरी आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटे एसी चालवतो, पावसाळ्यातही. काचांवरचे धुके एसीने झटपट जाते, कारण कूलिंग कॉइलवरून जाताना हवेतले पाणी गळून पडते. घर जवळ आले की एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवतो. त्यामुळे कॉइल कोरडी होते आणि केबिन फिल्टर नवा घातल्यापासून कुबट वासही येत नाही.

ब्लोअर मात्र अजून फक्त सर्वांत मोठ्या वेगावरच चालतो. बहुधा त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळाला आहे, आणि ते काम दिवाळीपूर्वी करून घ्यायचे आहे.