पद्मिनीच्या डाव्या दाराला आरसा: नऊ महिन्यांनंतर

आमची प्रीमियर पद्मिनी १९८६ची. उजव्या दारावर आरसा होता, डाव्या दारावर नव्हता, आणि बाबांचं त्यावाचून कधी अडलं नाही. त्यांच्या काळी पुण्यात डावीकडून सायकल यायची, ती निदान घंटी वाजवत यायची. आता गाडी मी चालवते. सिंहगड रोडवर डावीकडून जे घुसतं ते काहीही वाजवत नाही. म्हणून गेल्या नोव्हेंबरात डावा आरसा बसवायचं ठरवलं. बाबांची अट एकच: "दाराला भोक पाडायचं नाही."

अट पाळायची म्हणून आधी दाराच्या कडेला चिमट्यासारखा अडकवायचा आरसा आणला. दोन आठवड्यांत तो घसरला आणि जाताना रंगावर बोटभर ओरखडा ठेवून गेला. तो बघून बाबाच म्हणाले, "यापेक्षा भोक परवडलं."

मग नाना पेठेतून क्रोमचा गोल आरसा घेतला. दुकानदाराने विचारलं, "ताई, साधी काच की फुगीर?" उजवीकडे साधी आहे म्हणून डावीकडेही साधीच घेतली. चूक. डावा आरसा चालवणाऱ्यापासून चांगला हाताच्या टप्प्याबाहेर असतो. तेवढ्या लांबून त्या छोट्या गोलात मागच्या रस्त्याची एक चिंधी दिसायची. महिन्याभराने आतली काच बदलून फुगीर घातली. आता फूटपाथपासून मागच्या रिक्षापर्यंत सगळं दिसतं, पण सगळं आहे त्यापेक्षा लांब वाटतं. पहिले पंधरा दिवस मला प्रत्येक स्कूटर निवांत येतेय असंच वाटायचं. अजूनही लेन बदलण्याआधी आतल्या आरशात एकदा खात्री करते.

खरं काम जागा ठरवण्याचं, आणि गॅरेजवाल्यांना त्याचीच घाई असते. पद्मिनीच्या पुढच्या दाराला पुढे छोटी फिरती काच आहे, तिच्यामागे उभी पट्टी, आणि पट्टीमागे खाली-वर होणारी मोठी काच. आरसा पट्टीच्या मागे लावला तर आतल्या बोल्टचं टोक खाली येणाऱ्या काचेला लागू शकतं. पट्टीच्या पुढे लावला तर काचेची भीती नाही, पण बघायचं त्या छोट्या काचेतून. अगदी पट्टीच्या रेषेत लावला तर अर्धा आरसा पट्टीमागे लपतो. मी माझ्या नेहमीच्या जागी, सीट माझ्या मापाला सरकवून बसले, शेजारच्या काकांनी बाहेर आरसा हातात धरला आणि आम्ही वीसेक मिनिटं "थोडा पुढे, थोडा पुढे" केलं. शेवटी पट्टीच्या चार बोटं पुढे मास्किंग टेपवर खूण केली.

पहिल्यांदा गॅरेजमध्ये दोन पत्रा स्क्रूंवर काम भागवलं. खंबाटकी उतरून साताऱ्याला पोहोचेपर्यंत आरसा मान टाकून बसला. दाराचा पत्रा पातळ. नुसत्या स्क्रूवर आरशाचं वजन आलं की तो लपलपतो आणि भोक सैल होतं. दुसऱ्यांदा मी समोर उभी राहून करून घेतलं. आतलं हँडल आणि पॅड (दाराचं आतलं आवरण) काढलं, भोकं मोठी करून सहा मिलिमीटरचे बोल्ट घातले, आत मागून लोखंडी पट्टी दिली, बाहेर आरशाखाली रबर. बोल्ट आवळण्याआधी भोकाच्या कडांना रेड ऑक्साइड (गंज रोखणारं अस्तर) आणि वर रंग, दोन्ही वाळू दिले. ड्रिलचा कीस दाराच्या तळाशी पडतो, तो चुंबकाने वेचून काढला. नाहीतर तोच कीस गंजतो आणि पाणी जायची तळाची भोकं बुजवतो. आमचं एक भोक आधीच बुजलेलं होतं, तारेने मोकळं केलं. आतून निघालेला चिखल बहुधा माझ्या वयाचा असावा.

तेव्हापासून आरसा हलला नाही. सिग्नलला इंजिन नुसतं चालू असताना थरथरतो, मागच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही. गाडी वेगात आली की शांत होतो.

तक्रारी दोन. वाऱ्यासाठी छोटी काच फिरवली की तिची कड नेमकी नजरेच्या आड येते, त्यामुळे उन्हाळ्यात वारा की आरसा असा प्रश्न होता. मी घाम निवडला. पावसात त्याच काचेवर थेंब बसतात आणि तिथे वायपर पोहोचत नाही. दुसरी म्हणजे कोन बदलायचा तर बाकासारख्या सीटवरून पार पलीकडे सरकून हात बाहेर काढावा लागतो. बाबा माझ्यापेक्षा उंच, त्यामुळे ते रविवारी गाडी घेऊन गेले की सोमवारी मला आरशात नुसतं आभाळ दिसतं.

ऑगस्टमध्ये पॅड पुन्हा उघडून बघितलं. वरचं भोक कोरडं. खालच्या भोकाशी, जिथे वायसरने रंग खरवडला होता, तिथे तिळाएवढा तांबूस ठिपका. घासून, रंग लावून, वायसरखाली रबराची चकती घातली. बाबा टॉर्च धरून उभे होते. म्हणाले, "दिवाळीनंतर परत उघडू. आणि तो उजवाही फुगीर करून टाक."