गाडीतला आवाज फाटतोय: फिल्टर की ॲम्प्लिफायर?
सोलापुरात सात रस्त्यावरून विजापूर रोडला लागलो, आवाज वाढवला, की दारातले स्पीकर हलगीच्या प्रत्येक ठोक्याला फाटायचे. पहिला उपाय फुकटचा: स्टिरिओच्या सेटिंगमध्ये हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवून वरचे जाऊ देणारा) 80 हर्ट्झला लावायचा. खालचा बेस कापला गेला की स्पीकरचा लहान कोन (हलणारा पडदा) उगाच आत-बाहेर हिसके खात नाही, गाणाऱ्याचा गळा लगेच मोकळा होतो. घुमारा थोडा जातो, हे खरं.

दुसरा, वेगळा ॲम्प्लिफायर. स्टिरिओवर 50 वॉट छापलेलं असलं तरी चॅनेलमागे, म्हणजे एका स्पीकरमागे, खरे साधारण 15-20च मिळतात. ते संपले की सिग्नलच्या लाटेचे माथे छाटले जातात आणि आवाज कर्कश होतो. ॲम्प्लिफायर तो दम देतो, पण गेन (सिग्नल किती वाढवायचा ती सेटिंग) जास्त ठेवला तर तोही फाटतो. सोलापूरकरांनो, आधी फिल्टर लावून बघा, मगच पैसे घाला.