ध्रुवीय थंडीतील शर्यत: एका दिवसाची मॅरेथॉन की अनेक दिवसांची वाटचाल?

ध्रुवीय प्रदेशातील शर्यतीत उतरू पाहणाऱ्याची नजर आधी तापमानाच्या आकड्यावर जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. पण निवड करताना त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की थांबावेच लागले तर उबदार छपराखाली पोहोचायला किती तास लागतील. धावणारे शरीर स्वतःच भरपूर उष्णता निर्माण करते, म्हणून योग्य कपड्यांत उणे २० अंशांतही चालत्या माणसाचा निभाव लागतो. तो थांबला की घामाने ओलावलेले कपडे काही मिनिटांतच अंगातली ऊब ओढून घेऊ लागतात.

एका दिवसाच्या शर्यतींपैकी ग्रीनलंडमधील पोलर सर्कल मॅरेथॉन आणि अंटार्क्टिक आइस मॅरेथॉन या दोन ठळक आहेत. ग्रीनलंडची शर्यत शरद ऋतूत कांगरलुसुआक गावाजवळ होते. मार्गाचा काही भाग हिमस्तरावरून आणि बराचसा खडीच्या रस्त्यावरून जातो, शिवाय अर्ध्या अंतराचाही पर्याय असतो. अंटार्क्टिकातील शर्यत युनियन ग्लेशियर येथे, ८० अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास, सुमारे ७०० मीटर उंचीवर भरते. शर्यतीच्या दिवसांत तिथे सूर्य मावळत नाही, पाय सतत बर्फात रुततात आणि अंतर्भागातील उंच हिमपठारावरून थंड वारा खाली वाहत येतो. चिलीतील पुंता अरेनासहून विमानाने जावे लागते व हवामान बिघडल्यास विमान दिवसेंदिवस खोळंबते, त्यामुळे रजा आणि पैसा दोन्ही हाताशी राखून ठेवावे लागतात. एवढे असूनही मदतकेंद्र आणि तंबू जवळ असतात, ही मोठीच सोय म्हणायला हवी.

कॅनडातील युकॉन आर्क्टिक अल्ट्रा ही मात्र निराळीच परीक्षा आहे. २००३ पासून होणाऱ्या या शर्यतीत मॅरेथॉनचे अंतरही राहिले असले, तरी तिची ओळख १०० मैल आणि त्यापुढच्या अंतरांमुळे आहे. अलास्कातील इडिटारॉड ट्रेल इन्व्हिटेशनलमध्ये तर ३५० आणि १००० मैलांचे पर्याय आहेत. इथे स्पर्धक आपली स्लीपिंग बॅग, स्टोव्ह आणि अन्न स्लेजवर लादून स्वतः ओढतो, दोन तपासणी नाक्यांमध्ये बर्फात झोपतो आणि पिण्याचे पाणीही अनेकदा बर्फ वितळवून मिळवतो. युकॉनमध्ये काही वर्षी पारा उणे ४० अंशांखाली उतरला आहे. नुसती धावण्याची क्षमता तिथे अपुरी पडते. साध्या ब्युटेनचे गॅसच्या डब्यात शून्याखाली बाष्पच होत नाही, म्हणून द्रव इंधनाचा स्टोव्ह लागतो. पाठीवरच्या पाणीपिशवीची पिण्याची नळी गोठते, म्हणून पाणी थर्मासमध्ये ठेवावे लागते. आणि हे सारे जाड हातमोज्यांनी, अंधारात, थकलेल्या मेंदूने करावे लागते. शरीराचे तापमान घसरू लागले की विचारशक्ती आधी मंदावते, त्यामुळे आपण चुकतो आहोत हे चुकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. लांब शर्यतीतला हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो.

कपड्यांचे गणितही दोहोंत वेगळे आहे. मॅरेथॉनमध्ये थोडा घाम चालून जातो, कारण शेवटी कोरडे कपडे वाट पाहत असतात. लांब शर्यतीत मात्र घाम येण्याआधीच वेग कमी करायचा किंवा एक थर उतरवायचा असतो, आणि वेगाची सवय असलेल्या धावपटूला हा संयम फार जड जातो.

दमा असलेल्यांनी किंवा ज्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात त्यांनी दोन्ही प्रकारांत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पूर्वी हिमदंश झालेला भाग पुन्हा लवकर गोठतो, हेही विसरू नये. बाकीच्यांपैकी ज्यांनी बर्फात एकही रात्र काढलेली नाही, त्यांनी ग्रीनलंडपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अंटार्क्टिकाचे आकर्षण मी समजू शकतो, पण तिथला वाढीव खर्च मुख्यतः प्रवासाचा आहे. युकॉनचे नाव नोंदवण्याआधी मात्र उणे २० अंशांत, मदतनीस जवळ ठेवून, एक पूर्ण रात्र उघड्यावर काढावी आणि पहाटे हातमोजे न काढता स्टोव्ह पेटवून पाहावा. तो पेटला नाही, तर त्या वर्षी १०० मैलांसाठी अर्ज करू नये.